फियाटच्या काचेभोवतीचे रबर

थ्रेड. जालन्याचे नाव इतिहासप्रेमींना बहुधा असईमुळे ठाऊक असते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या फौजेची शिंदे-भोसल्यांच्या सैन्याशी जेथे गाठ पडली, ते गाव आज आमच्या जिल्ह्यात आहे. आजचा विषय मात्र त्याहून फार लहान आहे. एका जुन्या फियाट मोटारीच्या पुढच्या काचेभोवती बसवलेली, बोटभर जाडीची काळी रबरी पट्टी. तिला कारागीर 'बीडिंग' म्हणतात, कुणी नुसते 'काचेचे रबर' म्हणतात. या पट्टीवरून आमच्या घरात गेल्या उन्हाळ्यात जो वाद झाला, त्यातून हा धागा निघाला.

मोटार आजोबांची. त्यांची मोंढ्यात आडत होती. १९६८ साली त्यांनी ही फियाट ११०० घेतली, तेव्हा जालना हा औरंगाबाद जिल्ह्यातील एक तालुका होता (स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी). आजोबा गेल्यावर मोटार गोदामाच्या पत्र्याखाली उभी राहिली ती राहिलीच. थोरल्या काकांचे म्हणणे सरळ होते: गोदाम रिकामे करायचे आहे, मोटार भंगारात द्यावी. जालन्यात या वाक्याला फार नेमका अर्थ आहे. 'जालना, सोने का पालना' ही जुनी म्हण. आजचा पाळणा लोखंडाचा आहे. येथील औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्या देशभरातून आलेले भंगार वितळवतात आणि त्याच्या बांधकामाच्या सळया होतात. आजोबांची मोटार गोदामातून निघाली असती, तर दोन-चार दिवसांत कुणाच्या तरी स्लॅबमध्ये गेली असती.

माझा आग्रह होता की मोटार 'व्हिंटेज' म्हणून नोंदवावी. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत तशी तरतूद झाली आहे. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात राखलेली, चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी वा चारचाकी या वर्गात बसते. क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, आणि रोजच्या वापरासाठी ती गाडी चालवता येत नाही. वयाची अट आमची मोटार सहज पार करत होती. प्रश्न बॉडीचा होता.

कारण पाणी. पुढच्या काचेचे रबर कोपऱ्यांत फाटले होते. पत्र्याच्या छपरातून गळणारे पाणी काचेवर पडे, फटीतून डॅशबोर्डच्या मागे उतरे आणि पायाखालच्या पत्र्यावर साचे. चटई उचलली तेव्हा खालचा पत्रा खवल्यांसारखा सुटत होता. इंजिन? बॅटरी बदलली, कार्ब्युरेटर साफ केला, आणि ते १०८९ सीसीचे चार सिलिंडरी इटालियन इंजिन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोकत खोकत सुरू झाले. मोटार मरत होती ती रबरामुळे. आणखी दोन पावसाळे गेले असते, तर बॉडीच बदलावी लागली असती. मग 'मूळ स्वरूप' कसले आणि नोंदणी कसली?

मिस्त्रींनी जुन्या रबराचा एक तुकडा ब्लेडने कापून माझ्या हातात दिला. तो लाकडासारखा कडक होता. वाकवला तर कटकन तुटला. "हे बघ," ते म्हणाले, "भेगा कुठं हायत? कोपऱ्यातच. मधल्या सरळ पट्टीला काही झालं नाही." असे का, हे त्यांना सांगता आले नाही, मलाही तेव्हा येत नव्हते. उत्तर शोधता शोधता मी पार अमेझॉनच्या अरण्यात पोचलो.

रबर हा झाडाचा चीक. मध्य अमेरिकेतील लोक साडेतीन हजार वर्षांपूर्वी तो गोळा करून, एका वेलीचा रस मिसळून त्याचे चेंडू करत. ओल्मेक या प्राचीन संस्कृतीला आपण ज्या नावाने ओळखतो, त्या नावाचा नहुआत्ल भाषेतील अर्थच 'रबराच्या देशातले लोक' असा आहे. युरोपला हा पदार्थ नीट कळला तो अठराव्या शतकात, आणि बराच काळ त्याचे करायचे काय हे समजेना. पेन्सिलीच्या रेघा खोडता येतात, हे १७७० मध्ये जोसेफ प्रीस्टलीने नोंदवले. १८२३ मध्ये मॅकिन्टॉशने दोन कापडांमध्ये रबराचा थर घालून पावसाळी कोट बनवला. पण कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि कडक थंडीत ठिसूळ. आमच्या वैशाखात तो कोट कुणी घातला असता, तर अंगावरून खरवडून काढावा लागला असता.

१८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर या कर्जबाजारी माणसाला उत्तर सापडले: रबरात गंधक मिसळून ते तापवायचे. १८४४ मध्ये त्याला पेटंट मिळाले. इंग्लंडमध्ये टॉमस हॅनकॉक थोडा आधीच तेथे पोचला होता, आणि त्यावरून दोघांत पुढे कोर्टकज्जे झाले. या क्रियेला रोमनांच्या अग्निदेवावरून 'व्हल्कनायझेशन' हे नाव पडले. आपल्याकडे पंक्चरच्या दुकानांवरील पाट्यांवर याच शब्दाची नाना रूपे रंगवलेली दिसतात. वाचकांपैकी कुणी त्यांचे फोटो जमवत असेल तर जरूर दाखवावेत.

यात नेमके घडते काय? कच्च्या रबराचे रेणू म्हणजे ताटात ओतलेल्या लांबच लांब शेवया. एकमेकींवरून त्या घसरतात, म्हणून रबर ताणले की पूर्ववत होत नाही. गंधक या शेवयांमध्ये ठिकठिकाणी पूल बांधतो. मग ताणा, सोडा, पट्टी जागेवर येते. पण हा मार्ग एकेरी आहे. भाजलेल्या पोळीची जशी पुन्हा कणीक होत नाही, तसे व्हल्कनाइझ केलेले रबर वितळवून पुन्हा ओतता येत नाही. आमच्या गावातल्या भट्टीत मोटारीचा पत्रा नवा जन्म घेईल, रबर केवळ जळेल. जुन्या मोटारींचे दिवे, आरसे, नामफलक भंगारबाजारात सापडतात. पन्नास वर्षांपूर्वीचे वापरण्याजोगे काचेचे रबर सहसा सापडत नाही, त्याचे एक कारण हे.

मागणी वाढली तसा या चिकाचा इतिहास काळवंडत गेला. १८८८ मध्ये डनलॉपची हवेची धाव आली, सायकलींचे वेड पसरले, मागाहून मोटारी आल्या. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याने काँगोला आपली खासगी मालमत्ता करून तेथील माणसांकडून जबरदस्तीने रबर गोळा करवले. ठरलेला वाटा न आणणाऱ्या गावांवर अनन्वित अत्याचार झाले. १९०४ मध्ये रॉजर केसमेंट या ब्रिटिश अधिकाऱ्याचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि १९०८ मध्ये राजाला काँगो सोडावे लागले. आपण 'रबर' म्हणताना हे आठवत नाही. मलाही या तुकड्याच्या निमित्ताने प्रथमच नीट वाचावे लागले.

दुसरी वाट आशियाकडे आली. १८७६ मध्ये हेन्री विकहॅमने ब्राझीलमधून रबराच्या झाडाच्या सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात पोचवल्या. त्यांतल्या थोड्याच रुजल्या, पण तेथून निघालेली रोपे सिलोन आणि मलायात गेली आणि काही दशकांत ब्राझीलची सद्दी संपली. याला 'शतकातील सर्वांत मोठी बीजचोरी' म्हणण्याची पद्धत आहे. ती जपून वापरावी. त्या काळी ब्राझीलमध्ये या बियांच्या निर्यातीवर बंदी नव्हती, आणि चोरीच्या थराराची कथा रंगवण्यात खुद्द विकहॅमचाही हात होता. भारतात व्यापारी लागवड सुरू झाली ती १९०२ च्या सुमारास, केरळात पेरियार नदीकाठी तट्टेक्काड येथे. आजही आपले बहुतेक नैसर्गिक रबर केरळातूनच येते, आणि १९४७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या रबर मंडळाचे मुख्यालय कोट्टायमला आहे.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपानच्या हाती पडले. मलाया आधीच गेले होते. दोस्त राष्ट्रांचा नैसर्गिक रबराचा बहुतेक पुरवठा एका फटक्यात तुटला. अमेरिकेने देशभर मोटारींचा वेग ताशी ३५ मैलांवर आणला आणि पेट्रोलचे रेशनिंग केले; त्यामागचा मुख्य हेतू पेट्रोल वाचवणे हा नव्हता, टायर वाचवणे हा होता. याच टंचाईने कृत्रिम रबराचे प्रचंड कारखाने उभे केले. त्यापूर्वी १९३० मध्ये ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत निओप्रीन सापडले होते. आणि साठच्या दशकाच्या प्रारंभी बाजारात आले ईपीडीएम. ज्या उत्प्रेरकांमुळे ते शक्य झाले, त्यांवरील कामासाठी झीग्लर आणि नाट्टा यांना १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे नाव लक्षात ठेवा, आमच्या काचेशी त्याचा संबंध आहे.

आता त्या कोपऱ्यातल्या भेगा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून लॉस एंजेलिसच्या रहिवाशांना डोळे चुरचुरणाऱ्या धुरक्याने हैराण केले होते. तेथील टायरही लवकर भेगाळत. आरी हागेन-स्मिट या डच रसायनतज्ज्ञाने दाखवले की हवेत ओझोन तयार होत आहे, आणि तो मोजण्यासाठी त्याने साधन वापरले तेही गमतीचे: वाकवून ठेवलेल्या रबराच्या पट्ट्या. भेगा किती लवकर आणि किती खोल पडतात, त्यावरून ओझोनचे प्रमाण. नैसर्गिक रबराच्या रेणूसाखळीत दुहेरी बंध असतात. ओझोन नेमका त्यांवर तुटून पडतो आणि रबर जेथे ताणलेले असते तेथे ती चीर उघडी पडून आत आत जाते. सरळ पट्टीवर ताण नसतो, कोपऱ्यात असतो. मिस्त्रींनी बोट ठेवले होते ते याच जागी. हागेन-स्मिटच्या पट्ट्या काही तासांत बोलत. आमची पट्टी मराठवाड्याच्या हवेत पन्नास वर्षे वाकून बसली होती, वर चाळीस अंशांच्या पलीकडचे उन्हाळे. ईपीडीएमच्या मुख्य साखळीत हे दुहेरी बंध नसतात. म्हणून आजच्या मोटारींच्या दारांची आणि काचांची बहुतेक रबरे ईपीडीएमची असतात.

मग आजोबांच्या मोटारीत नैसर्गिक रबरासारखे भेगाळणारे रबर का होते? त्यासाठी कुर्ल्याला जावे लागेल. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. मोटारींचा कारखाना काढण्याची त्यांची धडपड त्याच्याही आधीची. ब्रिटिश सरकारने दाद दिली नाही, तेव्हा बंगळुरात १९४० मध्ये त्यांनी विमानांचा कारखाना उभा केला, तोच पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाला. कुर्ल्यात १९४७ पासून क्रायस्लरच्या गाड्या जुळवल्या जाऊ लागल्या. मग फियाटशी करार झाला आणि १९५४ च्या सुमारास ११०० आली. तिच्या त्या पहिल्या गोलमटोल रूपाला मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' म्हटले. प्रेमानेच म्हटले असावे.

याच सुमारास आणखी एक निर्णय झाला. टॅरिफ कमिशनने १९५३ मध्ये शिफारस केली की ज्यांच्याकडे सुटे भाग टप्प्याटप्प्याने देशात बनवण्याचा कार्यक्रम आहे, अशाच कंपन्यांना येथे राहू द्यावे. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत गाड्या जुळवत होती. तिने आणि फोर्डने गाशा गुंडाळला. उरल्या त्यांना भाग देशातच बनवायचे होते, आयातीवर कडक नियंत्रण होते, ग्राहक वर्षानुवर्षे रांगेत उभा होता. आजोबांनाही थांबावे लागले होते. किती, यावर घरात दोन मते आहेत. मोटारींच्या किमतीही सरकार ठरवू लागले आणि त्यावरून प्रीमियर सर्वोच्च न्यायालयात गेली. १९७१ मध्ये निकाल लागला. अशा व्यवस्थेत जगात नवे रबर आले म्हणून काचेची पट्टी बदलावी, अशी घाई कुणाला असणार? हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. कारखान्याचा त्या वेळचा रबराचा तपशील मी पाहिलेला नाही. हातातल्या तुकड्यावरच्या भेगा तेवढ्या पाहिल्या आहेत.

हेच मॉडेल पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी झाले, २००० च्या आसपास बंद पडले, आणि मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. इतकी वर्षे जवळजवळ तीच गाडी बनत राहिली, याला त्या काळी मागासलेपण म्हणत. आज मला तिचा फायदा झाला. पद्मिनीच्या टॅक्सींसाठी रबरे बनवणारे छोटे कारखानदार आणि ती विकणारी दुकाने मुंबईत ऑपेरा हाउसच्या परिसरात अजून टिकून आहेत.

पहिली पट्टी मी घरबसल्या मागवली. ती आखूड निघाली, शिवाय तिच्या खाचेत पत्रा बसेना. विक्रेत्याने परत घेतली नाही, असो. दुसरी मुंबईहून स्वतः आणली, ईपीडीएमची, जुना तुकडा सोबत नेऊन दुकानात कापलेल्या टोकाला टोक लावून. काचेच्या रबराला दोन खाचा असतात, एक काचेसाठी, दुसरी मोटारीच्या पत्र्याच्या कडेसाठी. बाहेरून दोन पट्ट्या सारख्या दिसतात आणि खाचेच्या रुंदीत दोन मिलिमीटरचा फरक असतो. ज्यांना असे काम करायचे आहे त्यांनी जुना तुकडा फेकू नये.

काच काढताना मिस्त्रींनी घाई केली नाही. आतल्या बाजूची रबराची ओठासारखी कड ब्लेडने गोल कापून काढली, मग मी सीटवर बसून तळहातांनी काच बाहेर ढकलली आणि त्यांनी ती बाहेरून झेलली. पत्र्याची कड उघडी पडली तेव्हा खालच्या बाजूला गंज दिसला, पण भोक नव्हते. तो खरवडला, रेड ऑक्साइड मारले, दोन दिवस वाळू दिले. पायाखालच्या पत्र्याला मात्र एका जागी ठिगळ लावावे लागले; बॉडी वाचली.

नवी पट्टी अंगणात ऊन खात ठेवली, नरम व्हावी म्हणून. मग चादरीवर काच ठेवून पट्टी भोवताली चढवली. मी ती ताणून बसवू लागलो तर त्यांनी हात धरला. "ताणू नको. आज बसंल, सहा महिन्यांनी आखडून फट पडंल. बोटभर जास्तच ठेव आन् दाबून बसव." जोड त्यांनी वरच्या बाजूला, मध्यावर घेतला, पाणी खाली साचते म्हणून. पत्र्यासाठीच्या खाचेत एक मजबूत नायलॉनची दोरी पूर्ण वळसा घालून बसवली, दोन्ही टोके खालच्या बाजूला मध्यावर एकमेकांवरून ओलांडून मोकळी सोडली. खाचेला साबणाचे पाणी. मी ऑइलचा डबा पुढे केला, तेव्हा मिस्त्री नुसते हसले. ऑइलने रबर फुगते आणि सैल पडते, हे मला नंतर पुस्तकात सापडले.

काच बाहेरून चौकटीवर टेकवली, दोरीची टोके आत घेतली. आता काम दोघांचे: बाहेरून एकाने तळहाताने दाबायचे, आतून दुसऱ्याने दोरीचे टोक सावकाश ओढायचे. दोरी निघते तसतशी रबराची आतली कड पत्र्यावरून उलटून आत येते, वीतभर, आणखी वीतभर. कोपऱ्यात दोरी अडली. मी जोर लावणार तोच बाहेरून काचेवर दोनदा टकटक झाले. थांबलो. त्यांनी कोपऱ्यावर पुन्हा साबणपाणी सोडले, मूठ दाबली, मान हलवली. दोरी सुटली आणि कड फटकन आत आली. दारांची रबरे त्यामानाने सोपी, फक्त नवी असताना दार आपटून लावावे लागते.

एक प्रश्न मला इतिहासाचा विद्यार्थी म्हणून सतावत होता. मूळ मोटारीत ईपीडीएम नव्हते. मग ही मोटार 'मूळ स्वरूपात' राहिली का? नियम चासी, बॉडी आणि इंजिन यांविषयी बोलतो. रबराविषयी गप्प आहे. जुन्या बाडांच्या जतनात नवा कागद डकवावा लागतो, तो वेगळा ओळखू यावा असा संकेत असतो. म्हणून मी जुन्या रबराचे चार तुकडे, कोपऱ्यातल्या भेगांसह, एका कागदी पाकिटात ठेवून वर तारीख, मोटारीचा क्रमांक आणि नव्या पट्टीचा प्रकार लिहिला आहे. ते पाकीट आजोबांच्या खरेदीच्या पावतीसोबत आहे. थोरल्या काकांना हे हास्यास्पद वाटते.

नोंदणीचा अर्ज भरला आहे, उत्तर यायचे आहे. काच बसवली त्याच्या दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी नळी लावून दहा मिनिटे काचेवर पाणी सोडले. मी आत बसून डॅशबोर्डखाली बॅटरी धरली होती. काका बाहेर उभे होते. वरच्या जोडापाशी एक थेंब जमला, बराच वेळ लोंबला आणि खाली आला. "तेवढं सीलंट लावू," मिस्त्री म्हणाले, आणि पाणी बंद करायला वळले. काका म्हणाले, राहू द्या, अजून पाच मिनिटं बघू.